खिडकीकडून मारलेली उडी

आमच्या घरात कापसावर उडी मारायला सक्त मनाई होती, आणि हा नियम मीच केला होता.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. "भाव वाढनच, थांबा ना जरासे!" असं नवऱ्याला सांगून मी सगळा कापूस मधल्या खोलीत भरायला लावला. आमच्या फुलसावंगी गावात तेव्हा घरोघरी हेच. कापूस घरात आणि माणसं ओसरीत. आमचा ढीग छातीपर्यंत आला. माझी शिलाई मशीनसुद्धा त्यात गडप झाली. पोरं दोन, गोलू आणि राणी. "जो कोणी कापसावर उडी मारन, त्याले रात्री उपाशी झोपवीन!" मी दम भरला. सासूबाईंनीही गंभीरपणे मान हलवली.

मग एका दुपारी घर रिकामं सापडलं. पोरं शाळेत, नवरा आणि सासूबाई वावरात. खिडकीतलं ऊन त्या पांढऱ्याशुभ्र ढिगावर पडलेलं. वय छत्तीस (वजन विचारू नका!). मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पदर खोचला, खिडकीच्या कट्ट्यावर चढले आणि दिलं स्वतःला झोकून!

शिलाई मशीन सापडली.

डाव्या फासळ्यांत असा दणका बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. श्वास घेतला की कळ, हसलं की कळ, कूस बदलली की कळ. त्यात घरभर कापूस उडत होता, म्हणजे शिंका! एकेका शिंकेला मी मेलेल्या आजीला हाक मारत होते.

"काय झालं व?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, छाती दुखून राह्यली जराशी."

एवढंच बोलले आणि घर हादरलं! नवऱ्यानं तडक मोटारसायकल काढली. महागावच्या दवाखान्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा माझ्या फासळीला वेगळा कळला.

डॉक्टरीणबाईंनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला, मग बोटानं फासळी दाबली. मी किंचाळले.

"पट्टी चांगली आहे, हृदयाचं काही नाही. दाबल्यावर नेमकं तिथंच दुखतंय, म्हणजे फासळीचे स्नायू दुखावलेत. पडल्या का कुठं?"

नवरा शेजारीच उभा होता. "छे! मी कायले पडू?"

"जड उचललं? खोकला?"

"घरात कापूस हाये ना मॅडम, त्याची धूळ..." नवरा मध्येच म्हणाला.

"हो हो, खोकला!" मी म्हटलं, आणि पुरावा म्हणून खोकून दाखवलं. त्या एका खोकल्यात माझा अर्धा जीव गेला.

"मग धुळीपासून लांब राहा. गोळ्या घ्या, शेका, जड उचलू नका. आणि दुखलं तरी मधूनमधून खोल श्वास घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दारात मेटॅडोर! व्यापारी काटा लावत होता.

"हे काय?"

"विकून टाकतो," नवरा म्हणाला. "भाव गेला खड्ड्यात. त्या धुळीनं तुले काही झालं तं मी काय करू?"

असं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. माझे डोळे भरून आले. आणि पाठोपाठ धडकीही भरली, कारण वर्षभराची मेहनत मातीमोल चालली होती, माझ्या एका खोट्या खोकल्यापायी!

"थांबा!" मी ओरडले (कळ!). "धूळबिळ काही नाही जी! मी... मी कापसावर उडी मारली. खिडकीकडून."

व्यापाऱ्यानं काटा खाली ठेवला. हमाल खिडकीकडं पाहू लागले. नवऱ्यानं दुपट्टा तोंडावर धरला, पण खांदे गदगदा हलत होते.

गोलू मात्र भडकला. "आई, खिडकीकडून कायले मारली? तिकडं मशीन हाये ना! आमी रोज दाराकडच्या कोठीवरून मारतो!"

"रोज?"

"अवं, कोठीवरून मारली तं काहीच लागत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

मेटॅडोर रिकामी परत गेली. नियमाप्रमाणं त्या रात्री आमच्या घरात एकट्या नवऱ्यानंच जेवायचं होतं. पण मी मोठ्या मनानं सगळ्यांना माफ केलं. सगळ्यात आधी स्वतःला!