दुष्काळात दुधाची गाडी

दुधाची गाडी चालवणाऱ्याकडं दूध थोडं आणि किस्से जास्त साठतात. त्यातून ते साल दुष्काळाचं! मी आमच्या दूध संस्थेचा पिकअप चालवायचो. सकाळी दूध गोळा करायचं, दुपारी सभासदांना पेंडीची पोती पोचवायची. त्या वर्षी कोण कुठं आहे हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मला तर मुळीच नाही.

एकदा संस्थेचे सचिव भानुदासअण्णा म्हणाले, तळ्याच्या काठानं सरळ जा, पुढं वस्ती लागेल. मी निघालो. बराच वेळ झाला तरी तळं काही दिसेना. एक आजोबा शेळ्या राखत बसले होते, त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीच्या चाकांकडं बघितलं.

"तळ्यातच उभा हाईस की बाबा."

पुढं एकदा पेंड घेऊन एका गावात गेलो, तर घराघराला कुलूप. उघडं फक्त एक किराणा दुकान. दुकानदार म्हणाला, निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय आणि उरलेलं जनावरं घेऊन मांजरसुंब्याच्या रस्त्यावरच्या चारा छावणीत. मी गाडी वळवली. सकाळी मी दूध घेऊन निघालो होतो ते त्याच छावणीतून! ज्यांची पोती होती, त्यांनीच मला कॅन चढवायला हात लावला होता.

छावणीत पोचताच मी त्यांना म्हणालो, "मग सकाळीच कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी कुठं इचारलं?"

अण्णांचा वेगळाच घोळ. छावणीतल्या एका आजीचं दूध त्यांना पातळ वाटलं. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, पाणी घातलंय का? आजी चिडल्या नाहीत. टँकरच्या वाटेकडं बघत म्हणाल्या, "पाणी गावलं असतं तर पेलो असतो की अण्णा. दुधात कावून घालू?" अण्णांनी दूध मोजून घेतलं आणि दिवसभर कुणाला काही विचारलं नाही.

पण खरा गोंधळ विष्णूच्या म्हशीचा. विष्णू आमचा सभासद. म्हशीजवळ कुणीतरी हवं म्हणून तो छावणीत राहिला आणि त्याची बायको सुमनवहिनी भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेल्या. चंद्री म्हैस वहिनींच्या माहेराहून आलेली आणि त्यांच्याच हाताची सवय असलेली. विष्णू धारेला बसला की पान्हा चोरायची, वर लाथ मारायची. अशीच आटली तर बाजार दाखवण्यावाचून इलाज नव्हता, आणि वहिनींना काय तोंड दाखवू, या काळजीनं विष्णू वाळत चालला होता.

शेवटी मीच म्हणालो, वहिनींना फोन लाव. फोन स्पीकरवर टाकला आणि चंद्रीच्या कानाशी धरला. उसाच्या फडातून वहिनी बोलल्या, "चंद्रे, आगं बाई, खाल्लं का?" चंद्रीनं कान टवकारले आणि चक्क पान्हा सोडला!

मग ते रोजचंच झालं. मी फोन धरायचो, विष्णू धार काढायचा. वहिनी म्हशीला चारा, पाणी, गोमाशा, सगळं विचारायच्या. विष्णूनं मध्ये तोंड घातलं की म्हणायच्या, "तुमी धार काढा."

हंगाम संपला. टोळी परतली. वहिनी ट्रकमधून उतरल्या त्या घरी न जाता थेट छावणीत आल्या. चंद्रीच्या गळ्यात पडून रडल्या. आम्हालाही भरून आलं. मग डोळे पुसून, बादली घेऊन धारेला बसल्या.

चंद्रीनं लाथ मारली.

वहिनी पुन्हा बसल्या. पाठीवरून हात फिरवला, नावानं हाक मारली. म्हैस आपली विष्णूच्या खिशाकडं बघत उभी. वहिनींचा चेहरा पार उतरला. अण्णा उगाच रिकामे कॅन तपासायला लागले.

वहिनी उठल्या. बादली विष्णूच्या हातात दिली आणि पत्र्याच्या शेडमागं गेल्या.

विष्णूच्या खिशातला फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला आणि नेहमीच्या जागी धरला.

"चंद्रे," वहिनींचा आवाज आला, "आले गं बाई मी."

बादलीत धार वाजायला लागली.