लॉरीचा खांदा

नागभीडच्या स्टेशनावर बाबांनी मला बैलगाडीतून आणून सोडलं, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. नागपूरच्या एका शेटजींकडे लॉरीवर क्लीनर म्हणून निघालो होतो. आमच्या घराण्यात बैलाशिवाय कुणी काही हाकलं नव्हतं, त्यामुळे बाबांना एकच काळजी. "मोटारीले शेपूट नाई. अडली त काय पिरगाळशीन?" गाडी सुटेपर्यंत तीनदा विचारलं. गाडी हलली तसा मी रडलो आणि शेजारच्याला सांगितलं, डोळ्यात कोळसा गेला.

शेपटीचं उत्तर मी पत्रांतून देत राहिलो. शाळेचे मास्तर ती पत्रं बाबांना वाचून दाखवत. बाबांना कळावं म्हणून मी सगळी मोटार बैलांवर उतरवली होती. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे तुतारी, बैल हाकायची अणीदार काठी, टोचली की पळते. क्लच दाबणं म्हणजे मानेवरचं जू क्षणभर उचलून धरणं. न्यूट्रल म्हणजे बैल उभा, रवंथ चालू, पण जू खाली. पहिला गेअर हा म्हातारा बैल, सावकाश चालतो पण चिखलातून काढतो. रिव्हर्सचं वाचल्यावर बाबांनी मास्तरांकरवी कळवलं की मागं चालणारा बैल आपण बाजारात नेऊन विकतो, तुमचे शेटजी काऊन ठेवतात? एका पत्रात मी फॅन बेल्टही समजावला होता. इंजिनाच्या तोंडाशी हा रबरी पट्टा दिवसभर घासतो आणि पंखा फिरवून इंजिन गार ठेवतो. बाबांनी त्यातलं 'घासतो' तेवढं लक्षात ठेवलं.

दोन वर्षांनी शेटजींनी मला पहिल्यांदा एकट्याला लॉरी दिली. चिमूरकडच्या डेपोतून सागवान भरायचं आणि पोळ्याच्या दिवशी दुपारपर्यंत नागपुरात पोचायचं. पोचलो तर ड्रायव्हर, उशीर झाला तर पुन्हा फडकं हातात. वाट गावावरूनच होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी लॉरी थेट अंगणात नेऊन उभी केली. अख्खं गाव बघायला लोटलं, आणि मी उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

उद्या पहाटे निघतो म्हटल्यावर बाबांचं तोंड उतरलं. "पोळ्याच्या दिवशी जुंपत नाई रे कोनी." मी म्हणालो, मोटार बैल नव्हे. हे बोलताना मला फार शहाणं वाटलं होतं. मी जेवून अंगणातच बाज टाकून पडलो आणि बाबा खांद शेकायला उठले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून आम्ही त्यांना सांगतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. डोळा लागता लागता बाबांचा आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तीनदा ऐकू आलं. बैल दोनच होते, पण झोपेत कोण मोजतो?

पहाटे बाबा मला शिवेपर्यंत पोचवायला शेजारी बसले. पहिल्या गेअरमध्ये, लाकडाच्या ओझ्यानं कण्हत लॉरी चढावर आली आणि शिवेच्या अलीकडेच तिच्या नाकातोंडातून वाफ निघाली. रेडिएटर उकळत होता. बॉनेट उघडलं तर फॅन बेल्ट पिवळाधमक, तुपानं चकाकतोय आणि नुसताच घसरतोय.

"म्याच लावलं," बाबा म्हणाले. "जिथी घासते, तोच खांदा ना?"

मला माझी ड्रायव्हरकी त्या वाफेबरोबर वर जाताना दिसली. मी नको ते बोललो. तुमच्यापायी मी जन्मभर फडकंच मारणार, असं काहीतरी. ते आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

बाबा रस्त्याच्या कडेला गेले. गाडीवानांनी मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीतली राख त्यांनी धोतराच्या सोग्यात भरून आणली. "तुपाच्या भांड्याले तुयी माय काय लावते?" एवढंच म्हणून ते पट्टा घासू लागले. इंजिन निवल्यावर मी नाल्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, हँडल मारलं आणि पंखा गरगर फिरला. निघताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा चोळला. "तुया बी दुखत असन, येवढं चाक फिरवून." मग लॉरीकडे बघून म्हणाले, "आवतन घेतलं, पन जेवाले थांबली नाई."

दुपारी वेळेत पोचलो. माझ्या सदऱ्यावरचा पिवळा-काळा डाग बघून शेटजींनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, ग्रीस. ड्रायव्हर झालो.

पुढे नागपुरातच संसार झाला, माझी स्वतःची लॉरी आली. गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, आता घर कुठलं? इथं वीज आहे, नळ आहे, पत्ता आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी लॉरीच्या बॉनेटला हळद-तूप लावतो, पट्ट्याला नाही, आणि आवतण देतो. तिला दुसऱ्या दिवशी बाहेर काढत नाही. बाबांनी त्या रात्री तिसरं आवतण लॉरीलाच दिलं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. आता बाबा नाहीत, आणि माझा मुलगा पुण्याला निघाला तेव्हा ध्यानात आलं, अंगणात लॉरीशेजारी बाजेवर मीही होतो.