फोन केतकीचाच होता

फोनवर भाची रडत होती. “मावशी, आई गेली…” आणि मी विचारलं, “केतकीला कुठे ठेवलंय?” पलीकडून उत्तर आलं, “मावशी, मी केतकीच बोलतेय.”

माझी थोरली बहीण, सुनंदाताई, बडोद्यातल्या लहरीपुऱ्याच्या बाजारात लेकीसाठी साडी बघता बघता दुकानातच कोसळली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. महिना उलटून गेला, तरी ही बातमी माझ्या मनात नीट बसत नाही. इतकी वर्षं बडोद्याहून अवेळी फोन आला की मी केतकीसाठी घाबरायचे. ताईसाठी घाबरायचं कधी सुचलंच नाही.

केतकी तीन वर्षांची असताना, अंघोळ घालताना ताईच्या हाताला तिच्या पोटात काहीतरी टणक लागलं. तपासण्या झाल्या; दोन्ही मूत्रपिंडांत कॅन्सरच्या गाठी निघाल्या. ताईचे सासरे म्हणाले, “जास्त खराब असेल ती किडनी काढून टाका, उगाच धोका नको.” पण दुसरीतही गाठ होतीच, तिचं काही बिनसलं तर एवढ्याशा पोरीला जन्मभर डायलिसिस. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आधी औषधांनी गाठी लहान करायच्या, मग तेवढ्याच कापायच्या, चांगला भाग जमेल तितका राखायचा. “बेन, गांठ काढवानी छे, किडनी नहीं.” ताईने विचारलं, “राखलेल्या भागात पुन्हा आली तर?” “येऊ शकते,” ते म्हणाले. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

औषधांनी केतकीचे केस गेले, गाठी आक्रसल्या. ऑपरेशनच्या सकाळी ताई माझा हात धरून म्हणाली, “मी काय वाचवतेय आणि काय मागे ठेवतेय, काही कळत नाही गं…” तरी निर्णय तिनेच घेतला. दोन्ही किडन्या राहिल्या, थोड्या थोड्या कातरलेल्या. गाठ परत आली नाही.

पुढे केतकी वयात आल्यावर चिडायची, “आई, मी काचेची आहे का?” ताई म्हणायची, “काचेची असतीस तर कपाटात ठेवली असती. जा गरब्याला, पण पाणी पी.” आता लोक म्हणतात, लेकीच्या काळजीनेच गेली. मला ते पटत नाही. पण ते खोटंच आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. ऑपरेशनच्या सकाळी माझा हात धरणारी ताई आठवते, आणि खंडेराव मार्केटात भाजीवालीशी हसत घासाघीस करणारी ताईही मला तितकीच आठवते. आतून ती कशी होती, कोण जाणे.

परवा बडोद्याला गेले. रविवार होता. केतकीने रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. किडनीसाठी दर रविवारी ताईच मोजायची. “मोजताना आई बोलू द्यायची नाही,” तिने मला सांगितलं आणि स्वतःच दंडाला पट्टा गुंडाळला. आम्ही गप्प बसलो. पट्टा फुगला, हळूहळू सैल झाला, आकडा आला. बरा होता. तरी आम्ही गप्पच… “हं, आता बोला,” असं म्हणणारं घरात कुणी नव्हतं.