‘जेवलीस का?’चा प्रोग्रॅम

मुलीला ‘जेवलीस का?’ एवढं विचारता यावं म्हणून मी निवृत्तीनंतर कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग शिकलो.

तोंडाने विचारता आलं असतं, हे कबूल. पण मुक्ता पुण्याला नोकरीला गेली आणि इकडे परराज्यात, नारायणगुड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अशी शांतता झाली की फ्रिज बंद झालेला दिवाणखान्यात कळायचा. सुरुवातीला रोज फोन व्हायचे. मग नुसतं ‘मीटिंगमध्ये आहे’ यायला लागलं. दुपारी एक वाजला की माझा हात फोनकडे जायचा आणि ‘नको, कामात असेल’ म्हणून परत यायचा. (रोज जायचा, रोज परत यायचा. व्यायाम झाला तेवढाच!)

अशात एक वेबसाइट सापडली. घरबसल्या, फुकट, प्रोग्रॅमिंग शिका! कॉलेजात असताना मुक्ताही असल्याच साइटवर सराव करत बसायची. मी चहा नेऊन दिला की स्क्रीनवरची नजर न हलवता ‘थँक्यू बाबा’ म्हणायची. म्हटलं, बघू तरी पोरगी एवढं काय बघत होती! उभ्या सरकारी नोकरीत मला कुणी शाबासकी दिली नव्हती. इथे दोन आकड्यांची बेरीज जमली तरी स्क्रीनभर फुगे उडायचे. मी फुग्यांना भुललो.

“हे काय लहान मुलासारखं?” माझी बायको नलिनी म्हणाली.

“सराव चाललाय.”

“कोथिंबीर निवडायचाही करा थोडा!”

पुढे एका धड्यात आपोआप मेल पाठवणारा प्रोग्रॅम आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज दुपारी एकला मुक्ताच्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल जाणार: ‘जेवलीस का? बाबा.’ तिने सवडीने उत्तर द्यावं. कुणाचा खोळंबा नको.

प्रोग्रॅम साधाच. मेल पाठव, उद्यापर्यंत थांब, पुन्हा पाठव. यातली ‘उद्यापर्यंत थांब’ ही ओळ जरा आत सरकवून लिहायची असते, नाहीतर कॉम्प्युटर तिच्यापर्यंत पोचतच नाही. मी ती अगदी समासाला चिकटवून लिहिली. (शाळेत तसंच शिकवलं होतं!) दुपारी एकच्या ठोक्याला प्रोग्रॅम सुरू केला, पहिला मेल गेलेला डोळे भरून पाहिला, फोन चार्जिंगला लावला, कुलूप घातलं आणि कोपऱ्यावर इराणी चहा प्यायला गेलो. नलिनी हिमायतनगरला टेलरकडे गेली होती.

तिकडे पुण्यात मुक्ता साहेबलोकांना मोठ्या पडद्यावर काहीतरी समजावून सांगत होती. पडद्याच्या कोपऱ्यात उमटलं: ‘जेवलीस का? बाबा.’ लोक हसले. पुन्हा उमटलं. पुन्हा हसले. मग ते उमटतच राहिलं आणि हसणं थांबलं. साहेबांनी हळूच विचारलं, “तुझे वडील बरे आहेत ना?”

मुक्ताने फोन केला. मी उचलला नाही. (होतोच कुठे!) पुन्हा केला. एकच वाक्य शंभरदा लिहितात आणि फोन उचलत नाहीत! तिने काढायचा तोच अर्थ काढला, आणि रडत रडत आधी आमच्या समोरच्या खाजाभाईंना आणि मग आईला फोन लावला.

चहा पिऊन परतलो तर जिन्यात ही गर्दी! मी मागे उभा राहून एका अनोळखी माणसाला विचारलं, “क्या हुआ भाई?”

“थर्ड फ्लोअर के मराठी अंकल. दिमाग पे असर हुआ बोलते. दरवाजा तोड रहे.”

“अरेरे!” मी मनापासून हळहळलो. मग लक्षात आलं, तिसऱ्या मजल्यावर मराठी अंकल एकच आहे!

धावत वर गेलो. खाजाभाई दाराला खांदा लावून उभे होते. मला पाहून खांदा तसाच राहिला.

“हौले-पागल हो गए क्या जी तुम? बच्ची उधर रो रही, तुम चाय पीके आ रहे?”

तेवढ्यात नलिनी धापा टाकत आली. मला उभा पाहून आधी रडली, मग भडकली. दार उघडलं. आत कॉम्प्युटर इमानेइतबारे विचारतच होता. नलिनीने त्याचा प्लगच उपटला आणि स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला.

“बाबा?”

“अगं, ती एक ओळ आत सरकवायची राहिली.”

पलीकडून हसू की रडू ते कळेना असा आवाज आला. “एवढं शिकलात... सरळ फोन का नाही केलात?”

“तू कामात असशील म्हणून.”

“आणि मला वाटायचं, दुपारी तुम्ही झोपला असाल.”

“जेवलीस का?” मी विचारलं. तोंडाने.

“नाही अजून.”

“मग डबा उघड आधी.”

“उघडते. तुम्ही प्रोग्रॅम वाचून दाखवा.”

मी एकेक ओळ वाचू लागलो. पलीकडून तिच्या चमच्याचा आवाज येत होता. मी मुद्दाम सावकाश वाचलं.

प्रोग्रॅम सुधारला. रोज एक मेल जायला लागला, ‘जेवले’ असं एका शब्दाचं उत्तर यायला लागलं, आणि फोन पुन्हा थांबले! शेवटी मी मनाशी ठरवलं, फारच आठवण आली की प्रोग्रॅममध्ये मुद्दाम काहीतरी बिघडवायचं आणि दुरुस्तीला मुक्ताला बोलवायचं. बेत उत्तम चालला आहे. दर आठवड्याला तिचा दुरुस्तीचा फोन येतो, चांगलं तासभर बोलणं होतं. फक्त मुद्दाम काही बिघडवावं लागत नाही. नवा धडा वाचून मी सुधारणा करायला बसलो की पुरतं!