मशीनला हात लावायच्या आधी

आमचे टायपिंगचे सर तासातली पहिली दहा मिनिटं कुणाला मशीनला हात लावू देत नसत. पुढची बॅच जिन्यात ताटकळलेली असायची. सर आपले स्टुलावर ताठ. आधी रेक्झिनचं कव्हर काढून त्याची चारपदरी घडी करायची. मग कोपऱ्यातल्या घागरीतलं अर्धा पेला पाणी घेऊन बोटं धुवायची. मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं बटणांमधली धूळ काढायची. शेवटी हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, श्वास बघत बसायचं. "आत जाताना गार लागतोय, बाहेर येताना कोमट. तेवढंच बघा," सर म्हणायचे. मला त्यांचा मनापासून संताप यायचा.

लातूरचा तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या उघडत होत्या, पाट्यांचा रंगही वाळला नव्हता, आणि प्रत्येक कचेरीला टायपिस्ट हवे होते. मी निलंग्याहून मावशीकडे राहायला आले ती त्याच आशेनं. "टायपिंगची परीक्षा पास न्हाई झालीस तर येत्या उन्हाळ्यात लग्न," असं वडिलांनी सांगून पाठवलं होतं. मुलगाही बघून ठेवला होता. मला एकेक मिनिट हवं होतं, आणि हा माणूस त्यातली दहा श्वास बघण्यात घालवत होता.

एकानं एकदा धीर करून विचारलं, "सर, याचा टायपिंगशी काय संबंध?"

"योगासनवाले चटईवर बसून जे करतेत, तेच मी खुर्चीवर करायलो," सर म्हणाले. "घडी घालताना घडीच घालायची. एवढं जमलं की बोटं आपोआप चालतेत." आणि त्या बिचाऱ्याला त्यांनी तासभर तीच घडी उलगडायला आणि घालायला लावली. आवाज कधी चढवत नसत. म्हणूनच जास्त लागायचं. मी एकदा धापा टाकत उशिरा पोचले, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "हात आलेत, डोकं टँकरपाशीच हाय. जा, डोकं घेऊन ये." मी रडत घरी गेले.

टँकरचं मात्र खरं होतं. तो दुष्काळ असा की मावशीच्या गल्लीत नळाला पाणी येणंच बंद झालं होतं. पहाटेपासून रांगेत उभं राहायचं, तेव्हा दोन घागरी मिळायच्या, आणि घरात आम्ही सहा जण. एका सकाळी रांगेतल्या भांडणात कुणाचा तरी धक्का लागून माझी भरलेली घागर सांडली. रिकामी घागर घरी ठेवून तशीच क्लासला गेले. सरांनी नेहमीसारखा अर्धा पेला पुढे केला आणि माझं डोकं फिरलं.

"लोकांना प्यायला पाणी नाही, अन् तुम्ही बोटं धुवायला लावता!" असं म्हणून मी तो पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला.

सर माझ्याकडे बघत राहिले. "तहान होती, पिलीस, बरं केलंस," ते म्हणाले. "पण रागात पिलीस. पाणी गोड होतं का मचूळ, सांग बरं?"

मला सांगता येईना.

"आठ दिवस येऊ नको," सर म्हणाले.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. घागरीतलं ते पाणी सर घरच्या वाट्यातून सायकलवर आणतात, हे मला त्या आठ दिवसांत मावशीकडून कळलं. त्यानं राग उतरायला हवा होता. उलट चढला.

परीक्षेला क्लासच्याच मशीन हातगाड्यावर घालून केंद्रावर न्यायच्या असत. "सुरू करा" म्हटल्याबरोबर हॉलभर खडखडाट उठला. माझ्या दुसऱ्याच ओळीत तीन अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकल्या. ओढायला गेले तर आणखी घट्ट. बघून ठेवलेल्या त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग कसं झालं ते नीट सांगता येत नाही, पण हात आपणहून मांडीवर गेले आणि डोळे मिटले. गार, कोमट. गार, कोमट. चार-पाच श्वास झाले असतील. डोळे उघडून एकेक दांडी अलगद सोडवली आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचले.

पास झाले. पेढे घेऊन गेले तर सरांनी विचारलं, "चुका किती?"

"सात."

"सात वेळा तू तिथं नव्हतीस," एवढंच म्हणाले. पेढा मात्र डोळे मिटून, सावकाश खाल्ला. मी नमस्कार न करताच जिना उतरले.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली. पुढे नांदेडला बदली झाली, लग्नही माझ्या मर्जीनं झालं. कामाला बसण्याआधी हात मांडीवर ठेवून पाच श्वास, ही सवय काही गेली नाही. जावी म्हणून मी प्रयत्न केले होते.

बऱ्याच वर्षांनी कळलं की सरांना पक्षाघात झालाय आणि ते अहमदपूरला असतात. एका रविवारी गेले. सर खाटेवर उशीला टेकून बसलेले, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. त्यांच्या पत्नी त्यांना वरणभात भरवत होत्या. एक घास द्यायचा, तो गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. सरांची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "काकू, सरांनी आम्हाला खूप दिलं."

त्यांचा हात थांबला. "तुम्हालाच दिलं," त्या म्हणाल्या. "सारा जलम या माणसाला घडी दिसली, श्वास दिसला. मी जेवले का उपाशी निजले, ते न्हाई दिसलं. आता कुठं बघायलेत माझ्याकडं."

मी सरांजवळ जाऊन माझं नाव सांगितलं. सरांनी पत्नीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली. डावा हात चादरीवर आला आणि बोटं टाइप करताना उठतात तशी एकेक करून उठू लागली. काकूंनी पुढे केलेला घास तसाच राहिला.

मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, पण पुन्हा येऊ नका. तुम्ही आलात की ते परत तिकडं जातेत."

त्यानंतर लातूरला जाताना प्रत्येक वेळी अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबायची. मी खिडकीशीच बसून राहायचे. दीड वर्षानं सर वारल्याचं कळलं. ते दीड वर्ष काकूंचं होतं.