साडूने काढलेला आवाज

आमच्या साडूने आकृती काढली नाही अशी वस्तू, व्यक्ती किंवा भानगड अख्ख्या खानदेशात शिल्लक असेल असं मला वाटत नाही. पोटासाठी तो जळगावात विम्याच्या कचेरीत बसतो, पण जीव सगळा सिंथेसायझरमध्ये. सिंथेसायझर म्हणजे विजेवर सूर घडवणारी पेटी. ती तो पिंप्राळ्याच्या घरात, माळ्यावर बसून स्वतः जोडतो आणि जोडण्याआधी कागदावर काढतो. त्याचं म्हणणं असं, की घर बांधणाऱ्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत, वीजवाल्यांच्या ठरलेल्या आहेत, आणि आवाज घडवणारे मात्र जो तो आपल्या मनाने रेघोट्या ओढतो, हा काय प्रकार आहे! म्हणून त्याने स्वतःची चिन्हं ठरवली. जिथे सूर जन्मतो तिथे गोल, गोलात करवतीचे दात. त्या सुरातलं नको ते गाळणारी एक चौकट, तिच्यात उतरती रेघ. आवाज मोठा करायला आडवा त्रिकोण. हे सगळं तो चष्मा वर सरकवत, हात उडवत सांगतो आणि तुम्ही चुकून "अच्छा" म्हणालात की मेलात, कारण तो नवा कागद घेतो.

कागद तरी कशाला लागतो म्हणा! माझ्या मुलीच्या साखरपुड्याला भरीत-पुरीची पंगत बसली होती. या पठ्ठ्याने पत्रावळीवर भरिताचा गोल केला, पुरी दुमडून त्रिकोण केला, मिरचीचा बाण लावला आणि शेजारी बसलेल्या माझ्या नव्या व्याह्यांना प्रतिध्वनी कसा तयार होतो ते समजावलं. व्याही बिचारे हातातला घास हातात धरून ऐकत राहिले. एकदा तर त्याने आमची सासुरवाडीच काढली. अक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, करवतीचा गोल, कारण घरातला सगळा आवाज तिथून निघतो. आबा, म्हणजे सासरे, गाळणी, कारण त्यांच्यापर्यंत गेलेलं पुढे काही जातच नाही. आणि आमच्या दोघांच्या बायका? दोन त्रिकोण, एकामागे एक. तो कागद नेमका त्याच्या बायकोच्या हाती लागला. पुढे कितीतरी दिवस साडू कचेरीबाहेरच्या गाडीवर वडापाव खाताना दिसत होता.

गेल्या वर्षी अक्कांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांना स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. अक्का वाचल्या, पण आवाज गेला तो गेलाच. धुळ्याजवळच्या त्यांच्या गावात श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी अक्कांनी उचलल्याशिवाय बायका तोंड उघडत नसत. ती बाई आता दारात कोणी दिसलं की आतल्या खोलीत जाऊन बसू लागली. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं. त्यातून विहिरीवरच्या मोटारीसारखी एकसुरी गुरगुर निघायची. अक्कांनी ती एकदाच ऐकली आणि यंत्र धान्याच्या कोठीत टाकून दिलं. आम्हा सगळ्यांना एकच घोर लागला होता, की ही बाई आता पुन्हा कधी बोलायचीच नाही की काय.

साडूने काय केलं असेल? आकृती काढली! आणि एका सकाळी पायातल्या चपलांसकट मेहरूणला माझ्या घरात घुसला. "भाऊ, फक्त गोल गेलाय!" तो ओरडला. "सूर जन्मायची जागा तेवढी गेली. जीभ, टाळू, ओठ, अख्खी गाळणी शाबूत आहे. शब्द तर गाळणीच करते हो! आणि गोल काय, माझ्या माळ्यावर ढिगाने पडलेत!" मला निम्मं कळलं नाही, पण अंगावर काटा आला.

पुढच्याच रविवारी आम्ही सहकुटुंब एसटीने निघालो. साडूच्या मांडीवर पेटी, माझ्या मांडीवर स्पीकर, बायकांच्या पिशव्यांत वायरी. अक्कांच्या घरी पोचल्यावर त्याने स्पीकरला एक पातळ नळी जोडली आणि तिचं टोक अक्कांच्या ओठांच्या कोपऱ्यात दिलं. आबा घाबरून म्हणाले, "जवाई, काही होई तं नही ना?" साडूने पट्टी दाबली. अक्का दचकल्या, तोंड उघडलं गेलं, आणि घरात "आ" घुमला! ओठ मिटले तर "म" आला. अक्कांनी आमच्याकडे पाहिलं. मग सगळीकडे एक नजर फिरवली आणि पेटीच्या सुरात, पण अगदी स्वतःच्या ठसक्यात, बोलल्या, "बठ्ठा घरमा वायरीच वायरी शेतस! मन्हा चुल्हा कोठे शे?"

अहो, काय सांगू! आनंदाच्या भरात साडूची बोटं पट्ट्यांवरून वर पळाली आणि तो चुल्हा थेट तारसप्तकात गेला. दोघी बहिणी एकदम रडत होत्या, हसत होत्या. मीही रडलो, लपवायचं कशाला.

तेव्हापासून साडूचा रविवार अक्कांचा झाला. त्याने पेटी वाजवायची, अक्कांनी आठवडाभर साठवलेलं बोलायचं. त्या रागावल्या की तो सूर चढवी, मायेने बोलल्या की उतरवी. शेजारणी ऐकायला येऊन बसत आणि हा गडी घामाघूम होऊन, डोळे मिटून, सासूचं बोलणं वाजवत असे. पण सोमवारपासून घर पुन्हा मुकं. म्हणून त्याने एक पेटी तिथेच ठेवली आणि आबांना शिकवली. लग्न झाल्यापासून अक्का बोलायला लागल्या की "तू गप बस" म्हणणारे आमचे आबा! त्यांना एकच पट्टी जमली, एका बोटाने.

परवा गेलो तेव्हा अक्का बोलत होत्या. आबांना त्या काय काय ऐकवत होत्या! माहेरी जाऊ दिलं नाही, बाजारातून कधी मनासारखं लुगडं आणलं नाही, सगळं. आबा मान खाली घालून ऐकत होते आणि पट्टीवरचं बोट काही उचलत नव्हते. सवयीने साडू पुढे झाला, तर आबांनी दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं. "तुम्ही चहा ल्या, जवाई."

साडू ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. त्याची बोटं मांडीवर आपोआप चालत होती.

"आबांनी एकच सूर धरलाय," तो म्हणाला. "आत्ता वर न्यायला हवा होता."

"जा की मग, सांग."

आत अक्का बोलतच होत्या. साडूने थोडा वेळ ऐकलं.

"राहू द्या," म्हणाला आणि गार झालेला चहा त्याने एका घोटात संपवला.