बंदर नसलेल्या देशाची वहिवाट

मंगळवारी दुपारी बायको वारली. मी हॉस्पिटलातून बसने घरी आलो. पुण्याहून संपादकबाईंची मेल आली होती. त्यांना काही कळलं नव्हतं. पुस्तक छपाईला जायचं होतं. एका प्रकरणाच्या नावातला ‘वहिवाट’ हा शब्द काढून ते ‘भूवेष्टित देश’ असं करावं, असं त्यांनी सुचवलं होतं.

पुस्तक माझ्या बायकोचं होतं. इथे वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत ती अर्थशास्त्र शिकवायची. त्याआधी दोन वर्षं मलावीत राहिली होती. मलावीला समुद्र नाही. तिथला तंबाखू आणि चहा बाहेर जातो तो शेजारच्या देशातून, आणि डिझेल, खत आत येतं तेही तिथूनच. बंदरावर उतरलेलं खत शेतापर्यंत पोचेस्तोवर ट्रकच्या भाड्यानेच महाग होतं. तिने इंग्रजीत यावर पुष्कळ लिहिलं. मराठीत हे एकच पुस्तक.

आमच्या बाल्कनीतून पोर्ट केम्बलाची जहाजं दिसतात. आजारपणात ती तिथे शाल घेऊन बसायची. मी प्रुफं वाचून दाखवायचो.

“भूवेष्टित म्हटलं की मला शाळेतला भूगोल आठवतो,” ती म्हणायची. “गाळलेल्या जागा भरा. तुझं बरंय, जड शब्द दिसला की तुला पोट भरल्यासारखं वाटतं.”

“आणि वहिवाट म्हणजे बांधावरची भांडणं.”

“मग हे दुसरं काय आहे? आपलं शेत आत, रस्ता बाहेर, मधे दुसऱ्याची जमीन. त्याची मर्जी फिरली की तो वाटेत काटे टाकतो.”

मलावीत ती एका विधवा बाईंच्या घरी भाड्याने राहत होती. एका वर्षी शेजारच्या देशात दंगे झाले, रस्ते बंद पडले, टँकर सरहद्दीपलीकडे उभे राहिले. पंपावर रांगा लागल्या. माणसं इंजिन बंद करून गाड्या हाताने ढकलत पुढे न्यायची. त्या आठवड्यात घरमालकीणबाईंची नात जन्मली, दिवस भरण्याआधीच. दवाखान्यात काचेची पेटी होती. वीज गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं. मुलीला आळीपाळीने छातीशी धरून सगळ्यांनी ऊब दिली, त्यात माझी बायकोही होती. सकाळी ती मुलगी गेली. हे तिने पुस्तकात लिहिलेलं नाही. मला एकदाच सांगितलं, तेही भांडी विसळता विसळता.

दोन दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. आता त्यांना कळलं होतं.

“आज विषय काढायला नको होता,” त्या म्हणाल्या, “पण प्रेस थांबलाय. अहो, वहिवाट म्हणजे हक्क. वाचक विचारेल, हक्क आहे तर अडलं कुठे?”

मी उद्या सांगतो म्हटलं. ब्लॅकटाउनहून आमची मुलगी आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. “बाबा, जस्ट से नो,” ती म्हणाली. “इट्स आईचा वर्ड.”

तिचा शब्द म्हणून ठेवायचा, हे मला पटेना. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पुस्तक माझ्या हातून जाणार होतं आणि विचारायला ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्थी घेऊन निघालो. उतारावरून चालत गेलो, रस्ता ओलांडला, वाळूतून खडकांपर्यंत गेलो. वाटेत कुणी अडवलं नाही. कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ “मॉर्निंग” म्हणाले. मुलीने कलश माझ्या हातात दिला. इतक्या सहज समुद्राशी पोचलो याचंच मला रडू आलं.

घरी येऊन मी संपादकबाईंना लिहिलं: शब्द राहू द्या. वाचक विचारेल तेच त्याने विचारावं. समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क या देशांना कायद्याने आहे; अडलंय ते काट्यांपाशी. काटे टाकले म्हणून वाट शेजाऱ्याची होत नाही.

पुस्तक निघालं. एक प्रत त्या घरमालकीणबाईंना पाठवली. त्यांना मराठी येत नाही. प्रत पोचली की नाही, कळलेलं नाही. प्रकरणाचं नाव तिने ठेवलेलंच आहे, ‘अडलेली वहिवाट’. बाल्कनीत तिची खुर्ची आहे, तिच्यावर आता मी बसतो.